बाबांची चौकशी

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते माझ्याकडे जालन्याला राहायला आले, तेव्हा मी पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगून टाकली. दिवसभर बातम्या बघा, कीर्तन बघा, शेतीचे कार्यक्रम बघा, पण मी ऑफिसातून आले की टीव्ही माझा. मी एका बियाण्यांच्या कंपनीत हिशेब सांभाळते. दिवसभर कपाशी, मका आणि पावत्या यांच्यात डोकं घातल्यावर घरी मला काहीतरी वेगळं लागतं, आणि ते वेगळं म्हणजे जुन्या काळातले विलायती प्रेमपट. घोड्यांच्या बग्ग्या, घेरदार झगे, कोपरापर्यंत हातमोजे, तळ्याकाठचा महाल, मेणबत्त्यांच्या उजेडात नाच आणि शेवटी लग्न. हे सगळं हिंदीत डब केलेलं असतं, त्यामुळे इंग्लंडातला जमीनदार आपल्या टीव्हीवरच्या ठाकुरासारखा बोलतो. मला चालतं. माझा नवरा पोलादाच्या कारखान्यात पाळीवर असतो, म्हणून घरात त्यावरून भांडण नाही.

बाबा सुरुवातीला पेपर आडवा धरून बसायचे. बायामाणसांचे सिनेमे आपण बघत नाही, असा तो आविर्भाव. पण पेपरचं पान काही उलटायचं नाही. असाच एक सिनेमा चालू होता. नायक घोड्यावरून आपल्या महालाकडे निघालेला, चहूबाजूंनी नजर पोचेल तिथपर्यंत हिरवंगार गवत. पेपरामागून आवाज आला.

"ह्याला जमीन किती?"

मी म्हटलं, एवढा मोठा महाल आहे, असेल हजारो एकर.

"पेरलेलं तर कायच दिसंना. सगळी हराळी वाढू दिली ह्यानं."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हराळी हे शेतातलं चिवट गवत. आमच्या बाबांनी आणि त्यांच्या बाबांनी हयातभर ती खणून काढली, आणि ती हयातभर परत उगवली. जो माणूस हौसेनं ती वाढवतो आणि वर ती कापायला माणसं ठेवतो, त्याच्या हातात कोणी आपली पोरगी द्यावी हे बाबांना पटेचना. त्या दिवसापासून पेपर बाजूला झाला. बाबा खुर्ची ओढून पुढे आले, आणि माझ्या प्रेमकथांची वाट लागली.

कारण प्रत्येक पात्राची त्यांना पुरती चौकशी हवी असायची. सातबारा कोणाच्या नावावर? भाऊ किती? विहीर कुठं दिसंना? नायिका बागेत रडत बसली असली तरी हे विचारणार, ती रडतीय ते ठीक, पण बापाचं काय चालतंय, शेती का नोकरी? मी सांगायची की तिकडे सगळी जमीन थोरल्या मुलाला जाते. धाकट्यानं एक तर सैन्यात जायचं, नाहीतर पाद्री व्हायचं, नाहीतर पैसेवाली मुलगी गाठायची. बाबा म्हणाले, अवघड हाय.

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळी बिल्डिंग त्यांना बाई म्हणते. जिल्हा परिषदेच्या शाळांत त्यांची नोकरी झाली, शेवटची काही वर्षं जांब समर्थच्या बाजूला. यजमान फार लवकर गेले, मूलबाळ नाही. स्वतःच्या पगारातून फ्लॅट घेतला, बहिणीच्या मुलाला घरी ठेवून शिकवला आणि मार्गाला लावला. गणित शिकवायच्या, आणि बोलणंही तसंच, फापटपसारा नाही. बाबांची तब्येत विचारायला त्या धिरडी घेऊन वर आल्या, तेव्हा टीव्हीवर असाच एक सिनेमा रंगात आला होता. एका मुलीला दोन मागण्या. एक तिला पियानो शिकवणारा गरीब मास्तर, दुसरा गिरण्यांचा मालक, वयानं मोठा, तोंडावरची माशीही न हलवणारा. मुलीनं गिरणीवाल्याला होकार दिला आणि मी सोफ्यावर उशी आपटली. पैशाला भुलली मेली, असं काहीतरी म्हणालेही.

बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी धिरड्यांचं ताट टेबलावर ठेवलं आणि मला विचारलं, "तिनं करायचं काय मग? तिला शाळा नाही, नोकरी नाही, बापाच्या घरात वाटा नाही. लग्न हीच तिची नोकरी. मग पगार बघूनच धरणार ना."

त्यावर बाबाच बोलले. "पण बाई, तो माणूस तिच्यासंगं एक शब्द बोलंना. रोज जेवायला समोर कोण बसणार हाय, ते नको का बघायला? जमीन असून काय करायचं."

मी वळून बाबांकडे पाहिलं. सातबारा मागणारे हेच का ते गृहस्थ?

त्यानंतर बाई रोज येऊ लागल्या. त्यांच्या घरी टीव्ही होता, चांगला मोठा होता, पण त्यांनी कधी तो बिघडल्याचं कारण सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. सिनेमा मी लावायची, पण बघायचे ते दोघं. मला वाटलं होतं शिकलेल्या बाई प्रेमाची बाजू घेतील आणि शेतकरी बाबा पैशाची. झालं उलटंच. बाई प्रत्येक मुलीचा वर्षाचा खर्च काढायच्या, आणि बाबा म्हणायचे की माणूस बघा, माणूस. एकदा एका देखण्या लष्करी अधिकाऱ्यानं, ज्याच्याजवळ गणवेशाशिवाय काही नव्हतं, एका श्रीमंत पोरीला गोड बोलून गुंडाळलं, तेव्हा बाई म्हणाल्या की हा हिच्या पैशावर डोळा ठेवून आहे. बाबा तेवढ्यापुरते रुसले. त्यांना तो अधिकारी आवडला होता.

गुडघ्याच्या व्यायामासाठी मी बाबांच्या मागे लागून लागून दमले होते. बाईंनी शाळेतल्या कवायतीच्या आवाजात एकदाच सांगितलं, आणि बाबा मुकाट्यानं पाय वाकवू लागले. बाई यायच्या वेळेला बाबांच्या केसांना तेल आणि अंगात धुतलेला सदरा असायचा. मी काही आंधळी नाही. पण डॉक्टरांनी आता गावी जायला हरकत नाही असं सांगूनही बाबांनी पिशवी भरायचं नाव काढलं नाही, तेव्हा मात्र मी मनातल्या मनात हसू लागले.

मग चतुर्थीला आम्ही तिघं राजूरला गणपतीला गेलो. रांग मोठी होती. बाबा आयुष्यात कधी रांगेत धड उभे राहिलेले नाहीत, कुठूनतरी ओळख काढून पुढे सटकायचे. त्या दिवशी रांग पुढे सरकली तरी त्यांचं लक्ष नव्हतं, मागच्यांनी ढकलावं लागत होतं. दोघं बोलत होते. माझ्या सिनेमांमध्ये तरुण जोडपं बागेत फिरायला निघालं की लोकलाजेसाठी एक थोराड आत्या चार पावलं मागून चालते. राजूरच्या रांगेत ती आत्या मी होते, हातात नारळ आणि सगळ्यांच्या चपलांची पिशवी घेऊन.

घरी आल्यावर, बाई खाली गेल्यावर बाबांनी विषय काढला. मी भाजीला शेंगा सोलत होते. तेही समोर बसून सोलू लागले, आणि दाणे टरफलांत आणि टरफलं दाण्यांत टाकू लागले. शेवटी म्हणाले की बाईंना आपण विचारलंय. काय विचारलंय, असं मी मुद्दाम विचारलं. साठी उलटलेल्या आपल्या बापाला लाजताना बघायचा योग सगळ्यांना येत नाही. बाईंनीही म्हणे लाजायबिजायचं काही केलं नाही. शुगर किती, बीपी किती, घोरता का, असं सगळं विचारून घेतलं, विचार करायला वेळ मागितला आणि मग दोन अटी सांगितल्या. पावसाळ्याचे महिने शेतात राहू, बाकीचे जालन्यात. आणि तंबाखू बंद. बाबांनी तंबाखूची डबी त्याच दिवशी फेकून दिली होती. आई हयातभर त्या डबीच्या नावानं ओरडत गेली, हे मला त्या क्षणी आठवल्याशिवाय राहिलं नाही.

वाईट वाटलं का? वाटलं. आई जाऊन बरीच वर्षं झालीत, तरी वाटलं. मी उठून आत गेले, आईच्या फोटोसमोर जराशी उभी राहिले. मग बाहेर येऊन बघितलं तर बाबांच्या हातातली शेंग तशीच होती आणि ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते की निकाल माझ्याच हातात आहे. मी म्हटलं, मला आनंद झालाय. आणि तो झालाच होता, फक्त जरा थांबून आला.

खरा प्रश्न माझ्या भावाचा होता. तो माझ्याहून धाकटा. वडीगोद्रीला हायवेवर त्याचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, दुकानामागेच घर, बायको, मुलं. बाबा कालव्यापलीकडे आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरात राहतात. बरीचशी जमीन भावाच्या नावावर झालीय, पण कालव्याकडचं वावर अजून बाबांचं. आणि भावानं नाही म्हटलं तर बाबा हे लग्न करणार नव्हते. तसं त्यांनी मला स्पष्टच सांगितलं. पोराला दुखवून आपल्याला काही नको, म्हणाले. म्हणजे सगळं त्याच्या हो-नाही वर आलं.

मी त्याला फोन केला. त्यानं ऐकून घेतलं आणि मग जो सुरू झाला तो थांबेना.

"ताई, तुला कळून राह्यलं का तू काय बोलून राह्यलीस? तिला बाबा न्हाई, कालव्याकडचं वावर दिसून राह्यलंय. आधी सही करून दे म्हणावं, की शेतावर माझा हक्क न्हाई. मंग बघू."

मी फोन कट केला. मग लगेच परत लावला, कारण भांडण अर्धवट सोडायची मला सवय नाही. जे बोलायचं ते बोलले, त्यानंही बोलून घेतलं, आणि आमचं काहीच ठरलं नाही.

त्या सहीचं बाईंना कसं सांगावं हे मला कळेना. दोन दिवस मी जिन्यात त्यांना टाळत होते. शेवटी त्यांनीच मला घरात बोलावलं, चहा ठेवला आणि म्हणाल्या, की बोल. मी मान खाली घालून सांगितलं. बाई हसायला लागल्या. सही देते की, म्हणाल्या, त्यात काय. फक्त तुझ्या बाबांनाही एक सही द्यावी लागेल. माझा भाचा अडून बसलाय, त्यांचा म्हणे माझ्या फ्लॅटवर आणि पेन्शनवर डोळा आहे.

मला आधी समजेचना. मग समजलं आणि असा राग आला की चहा सांडला. आमचे बाबा? पैशासाठी? त्यांना शेत आहे, घर आहे, मुलगा आहे. पण घरी जाता जाता, पहिल्या जिन्यावर राग आणि दुसऱ्या जिन्यावर हसू, अशी माझी गत झाली. तिकडून बघितलं तर काय दिसत होतं? गुडघ्याचं ऑपरेशन झालेला एक विधुर शेतकरी, पाण्याचा भरवसा नाही, आणि लेकीकडे राहायला येऊन तळमजल्यावरच्या पेन्शनवाल्या बाईंशी गोड बोलतोय. इतके दिवस आम्ही आमची इस्टेट एका बाईपासून वाचवायला निघालो होतो, आणि सिनेमातला तो फुकटा लष्करी अधिकारी आमच्याच घरात, माझ्याच खुर्चीवर पाय लांब करून बसला होता.

आता पुढचा प्रसंग मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. भावानं एक सांगितलं, हॉटेलवाल्या चाचांनी दुसरंच, त्या दोन्हींचा मेळ घालून सांगते.

आमच्याकडे सोयरीक ठरायच्या आधी चौकशी होते. मुलीकडचा कोणीतरी गावात येतो, थेट घरी जात नाही, फाट्यावरच्या हॉटेलात चहा घेतो आणि सहज विचारल्यासारखं विचारतो, अमुक घर कसंय. आणि ज्याला विचारलं त्यानं चांगलंच सांगायचं असतं. बांधावरून कोर्टात दावा चालू असला तरी चांगलंच सांगायचं. कोणाचं जमणारं लग्न मोडल्याचा दोष गावात कोणी डोक्यावर घेत नाही. त्यात आता तर शेतकरी पोरांना मुली मिळेनाशा झाल्यात. आमच्याच घरात माझा चुलत भाऊ तिशी ओलांडून बसलाय, कामसू, निर्व्यसनी, पण नोकरी नाही म्हणून सगळीकडून नकार. तेव्हा हॉटेलात कोणी अनोळखी माणूस येऊन घराची चौकशी करू लागला की बसलेली सगळी मंडळी सावरून बसतात.

तर बाईंचा भाचा चौकशीला आला. अंबडहून मित्राची गाडी घेऊन आला, चाचांच्या हॉटेलात बसला आणि शेजारच्या बाकावर चहा पीत बसलेल्या माणसाला विचारलं, कालव्यापलीकडे आखाडा आहे ना, ते घर कसंय, तिथं सोयरीक करायचं चाललंय. तो शेजारच्या बाकावरचा माणूस म्हणजे माझा भाऊ.

आमच्या घरात लग्नाचा तेवढा चुलत भाऊच राहिलेला, म्हणून भावाला वाटलं, उघडलं त्याचं नशीब. त्यानं पाहुण्यासाठी भजी मागवली आणि सुरुवात केली. घर म्हणजे एक नंबर. कालव्याला बारमाही पाणी. मोसंबीची बाग, झाडं अशी लदलेली की फांद्यांना टेकू द्यावे लागतात. दारूला घरात कोणी शिवत नाही. बाईमाणसाला या घरात कोणी वावगा शब्द बोलत नाही, तुमचं माणूस राणीसारखं राहील. भाच्यानं विचारलं, आणि नवरदेव? भाऊ म्हणाला, नवरदेव तर सोनं आहे, सोनं. तंबाखू नाही, सुपारी नाही, कोणाला कधी वाईट बोललेला नाही. असा माणूस मी तरी दुसरा बघितला नाही. डोळे झाकून करा.

भाचा खूश झाला. भजं तोंडात टाकून त्यानं शेवटचं म्हणून विचारलं, "आन् गुडघा कसाय आता?"

"कोणाचा गुडघा?"

"नवरदेवाचा. ऑपरेशन झालंय ना."

भावाला काही कळेना. चाचा गल्ल्यावरून सगळं ऐकत होते. त्यांनी फडक्यानं टेबल पुसत पुसत सांगितलं, "अरे, ते तुझ्या बापाबद्दल विचारून राह्यले."

भाच्याला कानकोंडं झालं, आणि भाऊ नुसताच भजी चिवडत राहिला म्हणे. आता उलटं बोलायची सोयच राहिली नव्हती. सगळ्या हॉटेलानं ऐकलं होतं. बाबांबद्दल वाईट सांगावं तर आपणच आपल्या घराला नावं ठेवल्यासारखं, आणि मग चुलत भावाला कोण पोरगी देणार? भज्यांचे पैसे मात्र भावानंच दिले, कारण पाहुणा पाहुणाच असतो. नंतर त्यानं मला फोन केला आणि म्हणाला की माझ्या तोंडून वदवून घेतलंत तुम्ही सगळ्यांनी. मी ऑफिसात एवढी हसले की शेजारच्या टेबलावरचे हिशेबनीस उठून बघायला आले.

भाच्याचा मात्र संशय पार फिटला. बागायतदार माणूस आहे, मावशीच्या पैशाची त्याला काय पडलीय, असं त्यानं बाईंना कळवलं आणि रविवारी बैठकीला येतो म्हणाला. भावालाही यावंच लागणार होतं. सगळं मनासारखं चाललं होतं, एक गोष्ट सोडून. आमची मोसंबीची बाग मागच्या मोठ्या दुष्काळातच वाळून गेली होती. बाबांनी टँकरनं पाणी घालून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. तोडलेल्या झाडांचं सरपणही कधीच जळून गेलं. मी बाबांना बजावून सांगितलं, बागेचा विषय निघालाच तर गप्प बसा, पोहे खा, पोह्यांकडे बघा. बाबा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

रविवारी माझ्या हॉलमध्ये बैठक बसली. एका बाजूला भाचा, दुसऱ्या बाजूला माझा भाऊ, हॉटेलातल्या प्रसंगामुळे दोघंही एकमेकांच्या चपलांकडे बघत बसलेले. बाई मात्र नेहमीच्या खुर्चीत निवांत. बाबांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आणि आताही बशी हातात धरून बसले होते. मी पोह्यांवर लिंबू पिळत होते तेवढ्यात भाच्यानं बोलणं सुरू करायचं म्हणून विचारलं, यंदा मोसंबीला भाव कसाय?

"बाग न्हाई," बाबा म्हणाले.

माझ्या हातातलं लिंबू खाली पडलं. बाबा शांतपणे बोलत राहिले. बाग होती, वाळली, तोडली. आता तिथं कापूस असतो, कालव्याला पाणी सुटलं तर. माझ्या पोरानं तुम्हाला सांगितलं ते दुसऱ्याचं भलं व्हावं म्हणून सांगितलं, त्याला दोष देऊ नका. पण मी बागायतदार नाही.

भाच्यानं बशी खाली ठेवली. तो वाईट मुलगा नाही. बाईंनी त्याला वाढवलंय, त्यांचं वाईट होऊ नये एवढंच त्याला हवं होतं. तो म्हणाला, "काका, राग मानू नका. मावशीला घर हाय, पेन्शन हाय. तुम्हाला पोरगं हाय, सून हाय. मंग ह्या वयात लग्न कशासाठी?"

मला वाटलं, संपलं सगळं. भाऊ पंख्याकडे बघत होता.

बाबा म्हणाले, "मी आखाड्यावर एकटा राहातो. सून रोज डबा पाठवती. लई चांगला असतो, तिला नाव ठिवायला जागा न्हाई. पण समोर कोणी नसलं की मला घास उतरत न्हाई. दोन घास खातो, बाकीचं कुत्र्याला घालतो, आन् डबा घासून ठिवतो. इथं आलो तवापासून मी पोटभर जेवून राह्यलो. दुसरं काय कारण न्हाई माझ्याकडं."

मला भावाकडे बघवेना, तरी बघितलं. तो रोज संध्याकाळी स्वतः जाऊन डबा आणायचा. रोज रिकामा, लख्ख घासलेला. बाबांची भूक चांगली आहे म्हणून त्याच्या बायकोनं डब्यात एक भाकरी वाढवलीही होती. त्याचं तोंड लाल झालं. "तरीच ते कुत्रं एवढं फुगलंय," तो म्हणाला, आणि हसायला गेला, ते काही त्याला नीट जमलं नाही.

भाचा बाईंकडे वळला. मावशी, आता तू सांग, म्हणाला.

बाई म्हणाल्या, "बाग नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्यांनीच सांगितलं होतं. आज तुझ्यासमोर त्यांनी ती आहे म्हटलं असतं, किंवा नुसते गप्प बसले असते, तरी मी उठून खाली गेले असते." मी जमिनीवर पडलेलं लिंबू शोधायला वाकले, आणि बराच वेळ ते मला सापडलं नाही. बाई पुढे म्हणाल्या, "मी तरुण होते तेव्हा सगळे म्हणायचे, आधारासाठी दुसरं लग्न कर. आधारासाठी मला करायचं नव्हतं, मी नोकरी केली. आता मला कोणाच्या पैशाची गरज नाही. म्हणून ज्यांच्याशी बोलावंसं वाटतं त्यांच्याशी लग्न करता येतंय. पेन्शन कशाला असते मग?"

भाच्यानं मान डोलावली. बशी परत उचलली आणि एक घास खाल्ला. आमच्याकडे याचा अर्थ सगळ्यांना समजतो. मग सगळे माझ्या भावाकडे बघू लागले, कारण शेवटचा शब्द त्याचा होता.

तो भाच्याला म्हणाला, "बाग सोडून मी हाटेलात जे बोललो, ते सगळं खरं धरा."

मग तो उठला. आपली खुर्ची ओढत त्यानं बाबांच्या अगदी समोर आणली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, आणि आपली बशी हातात घेऊन बसला. "खा बाबा," म्हणाला, "गार होऊन राह्यले." बाबांनी पहिला घास घेतला. तोही त्यांच्यासोबत खाऊ लागला, मान खाली घालून, नाक ओढत. दोघांपैकी कोणीच वर बघत नव्हतं, पण बशा रिकाम्या होत गेल्या, आणि बाईंनी उठून दोघांनाही न विचारता आणखी पोहे वाढले.